एकशे पाच रत्तल

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा वजनकाटा आहे. संत्री, कांदे, वांगी तोलण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण अमरावतीच्या काही पोरांना विमानात बसण्याआधी माझ्यावर उभे राहावे लागले होते, हे तुम्हांला ठाऊक नसेल. तेच सांगतो.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका ओतशाळेत झाला. बोटीने मुंबई आणि तिथून रेल्वेने मी चांदूर रेल्वे स्टेशनात आलो. पार्सलच्या खोलीत बावीस वर्षे पेट्या आणि पोती तोलली. एके दिवशी एक जड पेटी माझ्यावर आदळली आणि माझा एक कोपरा उडाला. मी अजून बरोबर तोलत होतो, पण दिसायला वाईट झालो होतो. स्टेशनवाल्यांनी मला लिलावात काढले.

मला घेतले शालिकराम माळ्याने. राजापेठेत त्याचे घर होते, मागे भाजीची वाडी आणि पुढे ओसरी. ओसरीतच त्याचे दुकान. शालिकरामाची एक सवय होती. रोज सकाळी दुकान मांडण्याआधी तो अठ्ठावीस रत्तलांचे एक लोखंडी वजन माझ्यावर ठेवून माझी परीक्षा घेई. रत्तल म्हणजे पौंड. माझ्या पितळी दांडीवर त्याच्या खुणा कोरलेल्या आहेत, अगदी अर्ध्या रत्तलापर्यंत. शालिकराम गेला, आणि दुकान त्याची बायको पार्बताबाई चालवू लागली. परीक्षा मात्र तशीच चालू राहिली.

त्यांना एकच मुलगा, देवीदास. उंच, काटकुळा. तो अमरावतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. महायुद्धाचे दिवस होते. एका संध्याकाळी तो सायकल भिंतीला टेकवून आला तो थेट माझ्यावरच चढला.

"माय, पाह्य बरं किती भरते?"

"काहून? तुले का विकाचं हाये?" पार्बताबाईंनी दांडीवरचे वजन सरकवत विचारले. "अठ्ठ्याण्णव."

देवीदासचे तोंड उतरले. मग त्याने सगळे सांगितले. कॉलेजात विमानविद्येचे शिकाऊ पथक निघणार होते. वीस मुले घेणार होते. विमानाचे यंत्र, वाऱ्याचा अभ्यास, तारेची कट्टकट्ट भाषा, सगळे शिकवणार होते, आणि जे शेवटपर्यंत टिकतील त्यांना खऱ्या विमानात बसवणार होते. डोळे, छाती, दात तपासणार होते. आणि वजन एकशे पाच रत्तल हवे होते. त्याहून हलक्या मुलाच्या अंगावर पॅराशूटचे पट्टे नीट बसत नाहीत, असे पथकाचे प्रमुख प्रोफेसर कमलाकांत यांनी सांगितले होते.

शेजारी देवीदासचा काका नत्थुजी बसला होता. तो मेथीच्या जुड्या बांधता बांधता थांबला.

"आपल्या गल्लीतले दोन पोरं जेलात हाये," तो म्हणाला. "अन् तू इंग्रजायच्या विमानात बसाले चालला?"

देवीदास म्हणाला, "काका, इंग्रज आज ना उद्या जाईन. तवा विमान चालवाले आपल्यातलं कोनी लागन का नाई?"

नत्थुजीने यावर दोन दिवस विचार केला असावा. कारण तिसऱ्या दिवशी तो स्वतःच घरच्या म्हशीचे दूध तांब्याभर घेऊन आला आणि देवीदाससमोर ठेवून म्हणाला, "पी."

मग काय विचारता. पार्बताबाई भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवू लागल्या. समोर कांदे विकणारी तानुबाई पदरातून गूळ-दाणे आणून त्याच्या खिशात कोंबू लागली. रोज कॉलेजातून आला की देवीदास माझ्यावर चढे आणि सगळी गल्ली विचारी, किती झाले? शंभर. एकशे दोन. एकशे चार. पोळ्यापर्यंत तो एकशे सहावर पोचला, आणि तानुबाईने गिऱ्हाईक सोडून टाळी वाजवली.

निवडीला आठ दिवस होते आणि देवीदासला हिवताप भरला. पाच दिवस तो गोधडीखाली कुडकुडत पडून होता. उठला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले सुद्धा नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी प्रोफेसर कमलाकांत स्वतः दुकानात आले. डॉक्टरांच्या काट्याची स्प्रिंग तुटली होती आणि माणूस तोलेल असा दुसरा काटा जवळपास नव्हता.

"पार्बताबाई, उद्याचा दिवस तुमचा काटा मिळेल का?"

"नेजा ना साहेब. पन मी संग येईन. याले दुसऱ्याचा हात चालत नाई."

अशा रीतीने मी बैलगाडीत बसून कॉलेजात गेलो. केवढी ती दगडी इमारत! मला लांब व्हरांड्यात ठेवले. एका टेबलाशी डॉक्टर आणि प्रोफेसर बसले होते, आणि समोर तीस-चाळीस पोरे रांगेत उभी होती. पार्बताबाईंनी पदर खोचला, अठ्ठावीस रत्तलांचे वजन माझ्यावर ठेवले, माझी दांडी सरळ राहिली ते पाहिले आणि मगच म्हणाल्या, "येऊ द्या एकेकाले." एकेक मुलगा चढे, त्या आकडा सांगत आणि डॉक्टर लिहून घेत. डॉक्टर मान वर करूनही पाहत नव्हते.

देवीदासची पाळी आली. गाडी हाकत आलेला नत्थुजी हळूच पार्बताबाईंच्या मागे येऊन उभा राहिला.

त्यांनी दांडीवरचे वजन एकशे पाचाच्या खुणेवर ठेवले. मी दांडी उचलली नाही; पोरगा कमी भरत होता. खरे सांगतो मित्रांनो, उचलावीशी मला फार वाटत होती. पण तसे करणे माझ्या हातात नव्हते.

"वयनी," नत्थुजी कुजबुजला, "दांडीले बोट लाव थोडंसं. कोन पाह्यते?"

पार्बताबाईंनी वजन एक खूण मागे घेतले. दांडी सरळ झाली. त्यांनी ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"एकशे साडेचार," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिले, आणि मग नावावर नजर गेल्यावर पहिल्यांदाच मान वर केली. "हा तुमचाच मुलगा ना?"

"व्हय."

प्रोफेसर कमलाकांतांनी चष्मा काढून पुसला. देवीदाससकट तीन मुले वजनात कमी भरली होती. रांग संपल्यावर ते म्हणाले, "नियम मला बदलता येत नाही. पण तुम्ही तिघे शिकायला येऊन बसा. गणवेश मिळणार नाही. कवायतीत शेवटी उभे राहावे लागेल. दिवाळीनंतर पुन्हा वजन करू, तेव्हा भरलात तर नावे घालीन."

घरी आल्यावर देवीदास तीन दिवस आईशी बोलला नाही. ताट वाढले की जेवायचा आणि उठायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी पार्बताबाई मला पुसत होत्या. त्याच्याकडे न बघताच त्या बोलू लागल्या.

"त्या डाक्तरानं एकदा बी दांडीकडे पाह्यलं नाई. मी सांगन तेच तो लिहून राहिला व्हता. सारेच माह्यावर भरवसा टाकून बसले व्हते. म्हून मले खोटं सांगता नाई आलं, बापू."

देवीदास उंबऱ्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "भाकर वाढ, माय. दोन वाढ."

मग त्याचे शिक्षण सुरू झाले. दर शनिवारी खाकी कपड्यांतल्या मुलांच्या शेवटी तो धोतर-सदऱ्यात उभा राही. काही मुले हसत. त्या तिघांतला एक मुलगा कंटाळून निघून गेला, देवीदास राहिला. संध्याकाळी तो माझ्या काठावर बसून बोटाच्या नखाने कट्टकट्ट वाजवत तारेची अक्षरे घोकत असे. माझ्या बिडावर तो आवाज छान उमटे. वारा कुठून येतो, पंख विमानाला कसे उचलतात, हे तो तानुबाईला कांद्याच्या पातीने समजावून सांगे. तिला किती कळले ते मला माहीत नाही, पण ती ऐकत असे.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या व्हरांड्यात गेलो. या वेळी डॉक्टरांकडे नवा काटा होता. तरी त्यांनी मला बोलावले होते.

"बाई, तुम्हीच वाचा," ते म्हणाले.

पार्बताबाईंनी वाचले, "एकशे सात." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण वजन मागे सरकवल्यावर त्यांनी माझ्या दांडीवरून एकदा पदर फिरवला.

त्या शनिवारी देवीदासने खाकी गणवेश घातला. पँट कमरेत ढगळ होती, तिला पार्बताबाईंनी रात्रीतून टाके घातले.

आता माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. जानेवारीत पथक अकोल्याला गेले. शहराबाहेर शिवणीच्या माळावर विमाने उतरायची जागा होती, आणि तिथे तीन दिवसांसाठी दोन पंखांचे, दोन माणसांचे एक शिकाऊ विमान येणार होते. बसणाऱ्याचे वजन पत्रकावर लिहिल्याशिवाय वैमानिक कोणाला चढू देत नसे, आणि माळावर काटा नव्हता. प्रोफेसरांनी पुन्हा विचारले. पार्बताबाईंनी तीन दिवस हाततागडीवर भाजी विकली आणि मला पाठवले. बडनेऱ्याहून गाडीच्या मालडब्यात देवीदास माझ्याशेजारी पाय पसरून बसला होता.

माळावर थंड वारा सुटला होता. विमान पिवळे होते, आणि मला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी लहान. वैमानिक परप्रांतातला होता, हिंदीत बोलायचा. त्याने माझा उडालेला कोपरा पाहिला आणि भुवया चढवल्या.

"यह काँटा सही है?"

पथकातले सगळे प्रोफेसरांकडे पाहू लागले. देवीदास एक पाऊल पुढे आला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मेरी माँ का है, साहब."

वैमानिक हसला नाही. त्याने प्रोफेसरांकडे पाहिले. प्रोफेसर कमलाकांत शांतपणे म्हणाले, "इस लड़के का वज़न आधा पौंड कम था. इसकी माँ ने वही बताया, और ढाई महीने यह बिना वर्दी के खड़ा रहा."

वैमानिकाने खिशातून पेन्सिल काढली, पत्रक गुडघ्यावर ठेवले आणि देवीदासला म्हणाला, "चढ़ो."

पॅराशूटसकट तो एकशे बत्तीस रत्तल भरला. दहा मिनिटांनी ते पिवळे विमान माळावरून धावत गेले आणि उचलले गेले. त्यात किती वजन आहे, हे मला नेमके ठाऊक होते. ते वर जाताना मी पाहिले, आणि बिडाचा असूनही मला हलके वाटले.

परत आल्यावर नत्थुजीने देवीदासला शंभर प्रश्न विचारले. पार्बताबाईंनी एकच विचारला, "भेव लागलं का?" तो म्हणाला, "लागलं ना. पट्टे पक्के बसले व्हते, म्हून निभावलं."

युद्ध संपले, पथक मोडले. देवीदास एकूण चार वेळा उडाला. पुढे तो शाळेत विज्ञान शिकवू लागला, आणि पार्बताबाई थकल्यावर त्याने मला या तुमच्या शाळेत आणून ठेवले. तोही आता नाही. रत्तल गेले, किलो आले. नवीन शिक्षक मला अडगळ समजतात आणि मधल्या सुट्टीत तुम्ही चौघे चौघे माझ्यावर उड्या मारता. ज्यांवर माझी दांडी झुलते, त्या आतल्या पोलादी धारा त्याने बोथट होतात.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. आठवड्यातून एकदा मला कोरड्या फडक्याने पुसा. धारांवर तेलाचे एक बोट फिरवा. माझ्यावर एका वेळी एकानेच उभे राहा, आणि दांडी थांबेपर्यंत हलू नका. मग मी जो आकडा सांगेन, तो कोणत्याही वैमानिकाने खुशाल पत्रकावर लिहून घ्यावा.