सम्राटाची सुवार्ता आणि प्रेमदासची लेक

मी एक जुनं पुस्तक बोलतोय. लिहितोय मात्र प्रेमदास. त्यानं आठवीत शाळा सोडली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्यात रोमच्या सम्राटांचे लेख आहेत. काही दगडावर कोरलेले, काही नाण्यांवर उठवलेले. ते वाचले की ख्रिस्ती धर्मग्रंथ अधिक नीट कळतो, असं माझ्या मूळ लेखकाचं म्हणणं. कळमनुरीच्या किसनराव गुरुजींनी मला वीस वर्षं जपलं. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांच्या शेतात हळद शिजवायला आलेल्या प्रेमदासच्या हाती मला दिलं. "वाच. अडलं की ये," एवढंच म्हणाले.

प्रेमदास बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहतो. चार माणसांत त्याचं तोंड उघडत नाही. हळदीच्या कढईशेजारी बसून तो मला वाचतो, त्यामुळे माझी पानं पिवळी झाली आहेत. सगळ्यात पिवळं पान एका दगडाचं. ऑगस्टस सम्राटाचा जन्म ही जगासाठी सुवार्तेची, म्हणजे आनंदाच्या बातमीची, सुरुवात, असं त्यावर कोरलंय. नवं वर्षसुद्धा त्याच्या वाढदिवसापासून धरायचं! पुढे येशूची माणसं आली. त्यांनी सुवार्ता हाच शब्द गव्हाणीत निजवलेल्या एका लेकरासाठी, येशूसाठी, वापरला.

होळीच्या आदल्या दिवशी प्रेमदास हे पान बायकोला, मिनाला, वाचून दाखवत होता. तिच्या मांडीवर त्यांची चार महिन्यांची लेक होती. त्यांच्या तांड्यात होळी पहाटे पेटते. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या घराचं नाव तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, पुकारतो. मग तिथे धुंड होते, पोरं काठ्या वाजवत बाळासाठी गाणी म्हणतात. मुलीची धुंड होत नाही.

"तो राजा जन्मला तं दगडं कोरले," मिना म्हणाली, "अन् आपली जन्मली तं कोणी नावबी घेणार न्हाई."

"रीत हाय ती."

"मंग गव्हाणीतल्या लेकराची कोणती रीत व्हती? मला काहून वाचून दाखवून राहिले? नायकाला दाखवा."

"हरिचंदकाकाला? माझे पाय कापतेत."

"कापू द्या. पायानं थोडंच बोलायचंय?"

त्यानं मला मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होळीपुढं सगळा तांडा जमला. नायक हरिचंदांनी दोन घरांची नावं पुकारली. मी प्रेमदासच्या काखेत होतो, घामानं भिजलेला. त्यानं मला उघडलंच नाही.

"काका, माझ्या घरीबी लेकरू झालं. पोरगी हाय."

कोणीतरी हसलं. नायकांनी हात वर केला.

"लहानपणापासून पाहून राहिलो याला, आवाज आज ऐकला. मोठ्यानं सांग लेका, मागच्यायला ऐकू गेलं न्हाई."

प्रेमदासनं श्वास घेतला. "प्रेमदासच्या घरी लेक झाली! नाव प्रतिक्षा!"

 मग काठीवर काठी वाजली. मिनाकडून लेकीला घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि मी काखेतून निसटून राखेत पडलो.

माझी काही तक्रार नाही.