ग्लेंडा रॅम्सडेननं दिलेला शब्द

साप्ताहिकातल्या सदरावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असल्यामुळे ग्लेंडा रॅम्सडेनला हॅलिफॅक्समध्ये चेहऱ्यानं फारसं कुणी ओळखत नसे. पण बेकरीत तिनं "दोन पाव द्या" म्हटलं की अख्खी रांग वळून बघायची. तेवीस वर्षं रोज सकाळी दहा ते एक ती गावच्या रेडिओवर बोलत होती आणि दर शुक्रवारी गावच्या साप्ताहिकात लिहीत होती. लंडनचं बोलावणं कधी आलं नाही, तिनंही वाट बघितली नाही. गाव आपलं ऐकतं, आपल्यावर विश्वास ठेवतं, एवढ्यावर बाई खूश होत्या.

त्या सोमवारी एथेल क्रॅबट्रीचा फोन आला. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली बाई. दर सोमवारी कार्यक्रमात फोन करायची.

"ग्लेंडा, खरं सांग. तू चाललीस का? आता लीड्सहून सगळ्या गावांना मिळून एकच कार्यक्रम लावणार म्हणे. आमचा खाटीक सांगत होता."

"अहो एथेल, माझ्या नोकरीचं माझ्याआधी खाटकाला कळलं?"

"त्याला सगळं आधी कळतं. माझ्या नवऱ्याचं त्या पोस्टातल्या बाईशी काय चाललंय, तेही त्यानंच मला सांगितलं होतं."

ग्लेंडा खो खो हसली. मग म्हणाली, "हे बघा, जायची वेळ आलीच, तर तुम्हाला सांगून जाईन. हा माझा शब्द."

तोंडानं हसली खरी, पण कार्यक्रम संपल्याबरोबर तिनं नायजल सगडेनला गाठलं. नायजल तिचा निर्माता. अठरा वर्षांपूर्वी चहा आणून द्यायला म्हणून लागलेला पोरगा. बोलायचं कसं, गप्प कधी बसायचं, सगळं तिनं शिकवलं. त्याच्या लग्नात त्याच्या आईच्या शेजारी तिची खुर्ची होती.

"काय ऐकतेय मी हे?"

"अगं, मी बसलोय ना इथं? काही असतं तर सगळ्यात आधी तुला नसतं सांगितलं?"

तिचा जीव भांड्यात पडला. मंगळवारी सदर लिहिताना तिनं त्याच अफवेचा समाचार घेतला. रेडिओविषयी काही छापायचं असलं की आधी निर्मात्यानं वाचायचं, असा नियम होता. नायजलनं चहात बिस्किट बुडवत मजकूर वाचला आणि एका ओळीवर थांबला. 'मी बहुतेक कुठंही जात नाही.'

"हे 'बहुतेक' काढून टाक. तू असं गुळमुळीत कधीपासून लिहायला लागलीस?"

तिनं काढलं. बुधवारी अंक छापायला गेला.

गुरुवारी एक वाजता "उद्या दहाला भेटू" म्हणून तिनं कानावरचे हेडफोन काढले, तोच वरच्या खोलीतून बोलावणं आलं. खोलीत लीड्सच्या मुख्य कचेरीतून आलेले लॉकयरसाहेब होते. खिडकीपाशी नायजल उभा होता.

"आजचा तुमचा शेवटचा कार्यक्रम होता," साहेब म्हणाले. "फार सुंदर झाला."

ग्लेंडाला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं फक्त एक मागितलं. "उद्या दहा मिनिटं द्या. मी कुणाला वाईट बोलणार नाही. लोकांना सांगून जाते, बस्स."

"बाई, आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. काढलेल्या माणसाच्या हाती माईक देत नाहीत."

ठाऊक होती. चांगली ठाऊक होती! याच इमारतीतून असे चार जण जाताना तिनं पाहिले होते. प्रत्येक वेळी "अरेरे" म्हणून घरी जाऊन पोटभर जेवली होती.

ती नायजलकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले. सांगायची परवानगी नव्हती, ग्लेंडा."

"नव्हती ना? मग गप्प बसायचं होतंस. 'बहुतेक' कशाला काढायला लावलंस?"

नायजल जमिनीकडे बघत म्हणाला, "लोकांना संशय आला असता. फोन सुरू झाले असते. आजपर्यंत शांत राहायला हवं होतं."

"मेल्या, माझ्याच हातून लिहून घेतलंस!" ती ओरडली. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण ज्याला हाताला धरून शिकवलं त्यानंच केसानं गळा कापला, हे तिला सहन होईना. ती रडली, साहेबांसमोरच रडली. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

शुक्रवारी 'मी कुठंही जात नाही' ही ओळ घेऊन अंक घरोघरी गेला. दहाला तिच्या जागी नायजलच माईकवर आला. "ग्लेंडानं कार्यक्रम सोडायचं ठरवलंय. गाजावाजा नको, ही तिचीच इच्छा."

घरी रेडिओ ऐकत बसलेली ग्लेंडा तशीच उठली. सगळ्या गावाला नाही, निदान एका माणसाला तरी खरं सांगावं म्हणून धापा टाकत टेकडी चढून एथेलच्या दारात गेली. एथेलच्या हातात अंक होता.

"तू सांगून जाणार होतीस."

"एथेल, मलाच कुणी सांगितलं नाही हो. काल एक वाजता कळलं."

"आणि त्या नायजलला?"

"त्याला आधीपासून माहीत होतं."

"अठरा वर्षं एका खोलीत बसता तुम्ही दोघं. त्याला माहीत आणि तुला नाही?"

"खरंच नव्हतं. शपथ घेऊन सांगते."

एथेलनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मी म्हातारी आहे गं, खुळी नाही."

दार लागलं. ग्लेंडा पायरीवरच उभी राहिली. आत रेडिओवर नायजल काहीतरी गंमत सांगत होता. तिनं पुन्हा दार वाजवलं, तेव्हा एथेलनं आवाज मोठा केला.