खाली ती, वर उलटा मी

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. धुतलेले कपडे वाळवायचं यंत्र. माझी कहाणी सांगायची तर आधी तिची सांगावी लागते, आणि हेच मला जन्मभर खुपत आलं आहे.

ती म्हणजे कपडे धुण्याची मशीन. आम्ही एकाच कारखान्यात तयार झालो. दोघांचा रंगही एकच, पिस्त्यासारखा हिरवा. मर्लबाई पॅस्को यांनी आम्हाला जोडीने घरी आणलं. जागा लहान, म्हणून तिला जमिनीवर ठेवलं आणि मला तिच्या वर भिंतीला टांगलं. तेही उलटं, म्हणजे माझी वरची बटणं खाली हाताशी यावीत. अक्षरं वाचता यावीत म्हणून अक्षरांची पट्टी फिरवून चिकटवली. आमच्याकडे घरोघरी हीच पद्धत.

तिला रोज काम. मर्लबाई तिच्या झाकणावर थाप मारून म्हणायच्या, "चल गं राणी, आज चादरी आहेत." मला कोण विचारतो? आमच्या मॅली नावाच्या कोरड्या मुलखात वर्षभर ऊन. ओले कपडे माझ्या समोरून थेट परसात खांबावर गोल फिरणाऱ्या दोऱ्यांवर जायचे.

"अगं मर्ल, तो ड्रायर लाव की कधीतरी," शेजारीण म्हणायची.

"वेड लागलंय का मला? सूर्य फुकट आहे! ड्रायर पावसासाठी ठेवलाय."

आणि पाऊस तर आमच्यावर कायमचा रुसलेला. मी वर लटकून जळत राहायचो. जळायला मला वीज लागत नसे.

मर्लबाई थकल्या, वृद्धाश्रमात गेल्या. पुतणीने आम्हाला चर्चमागच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे नोलीन नावाच्या बाई सेवा म्हणून काम करत. त्यांनी मला जमिनीवर सरळ उभं केलं. झालं! माझी अक्षरं उलटी दिसू लागली.

"हा बघ, डोक्यावर उभा राहिलाय!" असं म्हणून गिऱ्हाइकं हसायची आणि तिच्याकडे वळायची. "अय्या, माझ्या आईकडे अगदी अशीच होती!" एकीने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मला म्हणाली नाही, तूही ये.

एका गुरुवारी लेस नावाचा वीजवाला तपासणीला आला. पास झालेल्या यंत्राच्या वायरीला तो हिरवी पट्टी बांधतो, नापासाला लाल. मला हिरवी मिळाली. तिची वायर उंदरांनी कुरतडली होती, तिला लाल. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता.

"नुसती वायर गेलीय," लेस म्हणाला. "पुढच्या गुरुवारी नवी आणतो."

पण लाल पट्टीची वायर कापून टाकायची, हा दुकानाचा नियम. नोलीनबाईंनी ती कापली. शनिवारी डॅरिल नावाचा माणूस आला.

"ही बंदच आहे ना? मला नुसता कपडे फिरतात तो आतला डबा हवाय. वाऱ्याला भोकं आयतीच आहेत, परसात झकास शेकोटी होईल."

आमच्याकडे मेलेल्या मशीनच्या डब्याचं लोक हेच करतात. पण ती मेली कुठे होती?

"थोडं थांबतोस का? लेस म्हणत होता की..."

"अहो नोलीनबाई, गाडी दारात उभी आहे. न्यायला माणसं आणलीत!"

नोलीनबाई भिडस्त. हो म्हणाल्या. मर्लबाईंच्या घरात मी रोज मनात म्हणायचो, एकदाची जा बाई. आता ती खरंच निघाली, तेव्हा मला ओरडायचं होतं, "थांबा, तिला फक्त वायर हवी आहे!" पण मला वाचा कुठली?

गुरुवारी लेस नवी वायर घेऊन आला. त्याला रिकामी जागा दिसली. वायर त्याने खिळ्याला अडकवली. ती वायर अजून तिथेच आहे.

मला कोणी विकत घेतलं नाही. देणगीत आलेले कपडे धुऊन वाळवायला दुकानाच्या मागच्या खोलीत पुन्हा भिंतीवर उलटं टांगलं. खाली एक नवी पांढरी मशीन आहे. हेवा करावा असं तिच्यात काही नाही.

परवा डॅरिलच्या बायकोने, शॉनाने, मुलांचे आखूड झालेले स्वेटर दिले. ते धुऊन माझ्यात वाळवले.

"शॉना, धुराचा वास काही जात नाही गं!" ती पुन्हा दुकानात आली तेव्हा नोलीनबाई म्हणाल्या.

"जाणार कसा? पोरं रोज त्या शेकोटीला चिकटलेली. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत!"

बघा! अजूनही सगळे तिच्याच भोवती! मी जळलो. आणि तिची इतकी आठवण आली की काय सांगू.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी एवढंच विचारा, यंत्र बिघडलंय की वायर? आणि उत्तर यायला गुरुवारपर्यंत थांबावं लागलं, तर थांबा.

नोलीनबाईंनी तो वास घालवायला स्वेटर पुन्हा माझ्यात टाकले. मी ते सावकाश फिरवले, ऊबही दिली. वास मात्र जाऊ दिला नाही.