बाबांची चाळीस वाक्यं

“पासवर्ड चुकला तर माणसाला काय म्हणायचं गं?” श्रीरंगांनी फोनवर विचारलं, तेव्हा सुखदा जे. पी. नगरच्या आपल्या घरी मीटिंगमध्ये होती. तिकडचा आवाज बंद करून ती म्हणाली, “बाबा, काहीही लिहा. कोण वाचणार आहे ते?”

“सरी,” ते म्हणाले. बंगळुरात छत्तीस वर्षं काढल्यावर ‘ठीक आहे’ अशा अर्थाचा हा एक कानडी शब्द त्यांना कुठल्याही नकारावर पुरत असे. फोन ठेवून त्यांनी बनशंकरीच्या घरात गवार निवडली, संध्याकाळी देवळापर्यंत चक्कर मारली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ते गेले.

बाबांचा लॅपटॉप सुखदानेच आणून दिला होता. जुना थकला म्हणून नवा घेतला आणि त्यावर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालून दिली. पहिला आठवडा बाबा दिवसातून चार वेळा फोन करायचे. फाईल कुठे गेली, खिडकी बंद कशी करायची, अक्षर मोठं कसं करायचं. मग फोन थांबले. त्यांनी नाद सोडला असावा, असं तिला वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी सगळी यंत्रणाच मराठीत करून घेतली होती, आणि निम्म्या सूचना इंग्रजीतच राहिल्यात हे बघून त्या मराठीत आणणाऱ्या हौशी मंडळींत नाव घातलं होतं. हे कळल्यावर सुखदाने ती गोष्ट ऑफिसात गंमत म्हणून सांगितली होती.

खरं तर हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. होसकोट्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रांवरचे सूचनाफलक लिहिले. निपाणी-बेळगावकडच्या कामगारांसाठी मराठीत. फलक रंगवण्याआधी ते एखाद्या कामगाराला यंत्रापुढे उभं करत आणि वाक्य मोठ्याने वाचत. त्याचा हात योग्य जागी गेला तर वाक्य पास. तो नुसताच “बरोबर आहे साहेब” म्हणाला, तर ते घरी येऊन पुन्हा लिहायला बसत.

तेराव्यानंतरच्या शनिवारी नागपूरहून प्रणीतचा फोन आला. भाषांतराचं काम तोच सांभाळायचा. आधी बराच वेळ तो काकांबद्दल बोलला, मग चाचरत म्हणाला की त्यांच्याकडची चाळीस वाक्यं यायची राहिली आहेत. सोमवारी यादी बंद होईल. आली नाहीत तर तेवढी इंग्रजीतच राहतील.

सुखदा बनशंकरीला गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. आईचं नाव घालून पाहिलं, जन्मतारखा घातल्या, घराचा नंबर घातला. दर वेळी तीच लाल इंग्रजी ओळ येई, पहारेकऱ्याने हटकावं तशी. अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून ती बापाच्या दाराबाहेर उभी होती.

वरच्या मजल्यावरच्या यल्लव्वा अक्का भाकरी घेऊन खाली आल्या. निपाणीकडच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी ताट ठेवलं आणि म्हणाल्या, “खोबरेल तेल.”

“काय?”

“पासवर्ड गं. इंग्लिश अक्षरांत, मधी जागा सोडायची नाही. तुझे बाबा विसरत होते की, मग मीच म्हटलं, घरातलं कायतरी ठेवा.”

आत सगळं मराठी होतं, आणि सुखदाला काही म्हणता काही सापडेना. अक्का स्टुलावर बसून वाट दाखवू लागल्या. ते दात्यांचं चाक दाब. आता डावीकडं. ते नव्हे, त्याच्या खालचं. चौथ्यांदा चुकल्यावर सुखदाने माफी मागितली.

“माफी कशाला? यावर शिकताना मी चाळीस खेपा चुकले. तुझे बाबा एकदाबी चिडले नाहीत.”

अक्कांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते सुखदाला जास्त लागलं.

फाईल सापडली. एकोणचाळीस वाक्यं तयार होती. चाळिसाव्यापुढे तीन पर्याय होते आणि लिहिलं होतं, ‘सुखदाला विचारणे.’

फोनवर त्यांनी विचारलं होतं ते हेच. तिने लॅपटॉप अक्कांपुढे सरकवला आणि पहिला पर्याय मोठ्याने वाचला. “संकेतशब्द अमान्य.”

“मी लॅपटॉप मिटून वर जाईन.”

“कृपया पुन्हा प्रयत्न करावा.”

“ही कचेरीची खिडकी झाली. उद्या या म्हणणारी.”

“जुळलं नाही. सावकाश, परत एकदा.”

 अक्कांचा हात आपसूक कळांकडे गेला.

वाक्य पास झालं. सुखदाने चाळीसच्या चाळीस रविवारीच पाठवून दिली, एक दिवस हातात राखून.

अडीच महिन्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती आली. लॅपटॉप आता सुखदाच वापरत होती, तसाच, मराठीत. ती बनशंकरीला येऊन अक्कांच्या शेजारी बसली आणि पासवर्ड मुद्दाम चुकीचा घातला. लाल इंग्रजी ओळ आली नाही. तिच्या जागी जे आलं, ते अक्कांनी चष्मा सावरून एकेक शब्द लावत वाचलं.

“हे आता सगळीकडं दिसतंय काय?”

“जो मराठीत लावेल त्याला. कुठेही असू दे.”

“मग चुकायला हरकत नाही की,” अक्का म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत हसल्या.

सुखदाने आणखी एकदा चुकवलं. वाक्य पुन्हा उमटलं, न कंटाळता. या वेळी तिने ते स्वतः वाचलं, मोठ्याने, पूर्णविरामापर्यंत.

“वाचलं, बाबा,” ती म्हणाली. “मी वाचलं.”