सत्तेचाळीस संगणक

वसई स्टेशनपासून पापडीपर्यंत पाच सायबर कॅफे होते आणि त्यांत चालू स्थितीतले संगणक सत्तेचाळीस. बंद पडलेले चार भाविकाने धरले नाहीत. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पडद्यांवर निळा 'ई' होता, म्हणजे विंडोजसोबत येणारा ब्राउझर. दुसरा एखादा ब्राउझर फक्त तीन ठिकाणी. प्रत्येक संगणकावर तिने एकच पान उघडून पाहिलं. त्यावर युनिकोडमध्ये लिहिलेलं एक मराठी वाक्य होतं. अकरा ठिकाणी ते वाक्य दिसलं. छत्तीस ठिकाणी, म्हणजे जिथे जिथे विंडोज ९८ होतं तिथे, वाक्याच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसली.

आकडे तिच्या मताच्या विरुद्ध होते. तरी तिने ते जसेच्या तसे वहीत उतरवले.

"काय गं, जनगणना चालू आहे का?" पापडीच्या कॅफेची मालकीण रोझलिन काउंटरवरून म्हणाली. "माझी दोन मशिनं आजारी आहेत, ती पण धर की."

"आजारी धरत नाही, रोझलिन आंटी. सरासरी बिघडते."

"बघ हां, माझं नाव खाली नको जायला."

मोजायला सुमेधने सांगितलं होतं. बी.एस्सी.ला दोघं प्रयोगशाळेत एकाच टेबलावर होते. तो बोळिंजच्या सोसायटीतला, ती वाडीतली. गेले चौदा महिने दोघं मिळून एक संकेतस्थळ उभं करत होते. भाविकाच्या घरात जी बोली बोलत, जी शाळेच्या फळ्यावर कधी आली नाही, तिचे शब्द, त्यांचे अर्थ आणि प्रत्येक शब्दासाठी एक वाक्य. शब्द सांगायची मालन आत्या, भाविकाच्या वडिलांची थोरली बहीण. मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता ती बोलायची आणि भाविका शेजारी बसून लिहून घ्यायची. बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळ्याचे शब्द, रहाटाचे शब्द, कुणावर चिडल्यावर वापरायचे शब्द. एकूण अठराशे चौऱ्याऐंशी झाले. कागद वाळवीने खाल्ले तरी संकेतस्थळ राहील, असं म्हणत भाविकाने ते कॅफेत बसून थेट संकेतस्थळावर टाइप केले आणि घर रंगवताना त्या वह्या रद्दीत गेल्या.

आत्याची अट एकच होती. "माझ्या हिरामणला तिकडं बसून वाचता आलं पायजे. नायतर मी कशाला तोंड दुखवू?"

हिरामण तिचा एकुलता मुलगा, बंगळूरला एका संशोधन संस्थेत होता. त्याची मुलं कानडी बोलत, इंग्रजी बोलत आणि आजीशी फोनवर 'हॅलो' म्हणून गप्प होत. संस्थेतल्या सगळ्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. निळा 'ई' तिथे चालतच नव्हता. हिरामण फायरफॉक्स वापरायचा.

म्हणून तर भाविकाचा युनिकोडचा हट्ट होता. तेव्हा मराठी संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फॉन्टवर चालत. पडद्यावर 'क' दिसे, पण पानाच्या पोटात मात्र इंग्रजीतलं भलतंच चिन्ह असे आणि त्याला तो फॉन्ट 'क'चा सदरा घालून उभं करी. फॉन्ट आपोआप उतरे तो निळ्या 'ई'तच. दुसऱ्या ब्राउझरमध्ये सदरा गळून पडे आणि डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं समोर येत. युनिकोडमध्ये 'क' हा जगभर 'क'च होता. तो कुठल्या कंपनीचा नव्हता, कुठल्या ब्राउझरचा नव्हता.

"तुझं बरोबर आहे यार," सुमेध डिसेंबरात म्हणाला होता, "पण इथल्या लोकांना चौकोन दिसणार त्याचं काय?"

"सगळ्यांना नाही दिसणार."

"किती जणांना? मोजून आण, मग भांडू."

भाविकाला ते फार आवडलं. मतभेद झाला की मोजायचं, हे दोघं एकाच सरांकडून शिकले होते. नऊ दिवस चालून तिने तक्ता केला आणि त्याच्यापुढे ठेवला. सुमेधने तो दोनदा वाचला, कॅफेंची नावं बोटाने तपासली, एक प्रत मागून घेतली.

"सत्त्याहत्तर टक्के," तो म्हणाला. "हरलीस."

"हरले. पण ही ९८ची मशिनं दोन-तीन वर्षांत जातील. हिरामणदादा कुठे जाणार?"

तो हसला. "ओके बाई. युनिकोडच ठेवू."

जानेवारीत समाजाच्या हॉलमध्ये उद्घाटन ठरलं. तीन दिवस आधी सुमेध म्हणाला, "पासवर्ड दे. रंग जरा नीट करतो."

"रंगच ना?"

"रंगच गं. विश्वास नाही का?"

तिने पासवर्ड दिला.

तेवीस जानेवारीला, रविवारी सकाळी, हॉलमध्ये दीडशेच्या वर माणसं जमली. हॉलमधला संगणक जुना, विंडोज ९८चा. तिथे चौकोन दिसणार, आधी चार शब्द बोलून समजावावं लागेल, म्हणून भाविका कागदावर मुद्दे लिहून आली होती. पण पडद्यावर टपोरी, देखणी अक्षरं उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतली मालन आत्या शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "माझा शब्द तो! मीच सांगितला!"

टाळ्या न वाजवणारी एकटी भाविका होती. या संगणकावर हे दिसायला नको होतं. ती पुढे गेली, माउस हातात घेतला आणि पानाचा मूळ मजकूर उघडला. त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं.

मग फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे एक साहेब बोलायला उठले. त्यांच्या मागे पडद्यावर तिचा तक्ता आला. पाच कॅफे, सत्तेचाळीस संगणक, छत्तीस, अकरा. खाली लिहिलं होतं: 'पाहणी: सुमेध, प्रकल्प अधिकारी'.

जिन्याखाली, चपलांच्या ढिगाऱ्याशी तिने त्याला गाठलं.

"अधिकारी कधी झालास?"

"अगं, सांगणारच होतो. आज सांगणार होतो."

"कधी झालास?"

"बावीस नोव्हेंबर."

तिने मनात तारखा लावल्या. मोजणी चार ते बारा डिसेंबर. म्हणजे तो 'मोजून आण' म्हणाला तेव्हा कंपनीच्या करारावर त्याची सही होऊन गेली होती.

"म्हणजे भांडायचं नव्हतंच. तुला तक्ता हवा होता."

"त्यांना सर्व्हे पाहिजे होता, आणि तुझ्यासारखं कोण मोजणार? भावी, लोकांना दिसतंय ना? तुझ्या आत्याला दिसलं ना? तुझ्याच आकड्यांनी सिद्ध होतंय."

"आकडे माझे आहेत. 'युनिकोडच ठेवू' हे वाक्य तुझं होतं."

सुमेध चपला शोधू लागला.

"जुनी आवृत्ती पण चालू ठेव," ती म्हणाली. "शेजारी एक दुवा दे, बस. हिरामणदादापुरता."

"करारात नाही बसत. फक्त त्यांचा फॉन्ट. जुन्या फायली सर्व्हरवरून काढल्या."

"पासवर्ड?"

"बदललाय. मी नाही, त्यांनी." मग जरा थांबून, "तुझं पण नाव टाकायला सांगतो. नोकरीचं पण बघू शकतो, सीरियसली."

"रंग छान झालेत," भाविका म्हणाली आणि वर गेली.

दुपारी तिने बूथवरून बंगळूरला फोन लावला. रविवार असूनही हिरामण संस्थेतच होता. त्याने पान उघडलं. "हे काय आहे गं?" त्याने विचारलं. "नुसते ए आणि यू दिसतायत. वर टिंबं. आईला सांगू नकोस."

पण आत्या वाडीच्या बांधावर वाटच पाहत होती.

"दिसलं का त्याला?"

भाविकाने आजवर एकही आकडा फिरवला नव्हता. "नाही दिसलं, आत्या. एकही शब्द नाही."

"त्या पोराला जमलं नाय वाटतं."

"जमलं होतं. आमचं आधीचं त्याला दिसलं असतं. सुमेधने ते काढलं."

"म्हायत असून?"

"माहीत असून."

आत्याने ओच्यातल्या कळ्या टोपलीत ओतल्या. "आमच्या ओट्यावर बसून तीनदा च्या प्याला गं तो," ती म्हणाली. "साखर जास्त मागायचा." मग तिने भाविकाकडे रोखून पाहिलं. "आनि तू? अट मी त्याला नव्हती घातली, तुला घातली होती."



सोमवारी सकाळी ती रोझलिनच्या कॅफेत गेली आणि शेजारशेजारचे दोन संगणक मागितले, त्यांतला एक विंडोज एक्सपीचा, युनिकोड दाखवणारा. डावीकडच्यावर निळ्या 'ई'त कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. उजवीकडच्यावर फायरफॉक्स उघडून, एका फुकट मिळालेल्या जागेत, कोरं पान सुरू केलं. डाव्या पडद्यावर वाचायचं आणि उजव्या पडद्यावर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचं. डाव्या पडद्यावर प्रत्येक पानाच्या तळाशी सुमेधचं नाव होतं.

"एका माणसाला दोन मशिनं?" रोझलिन म्हणाली. मग तिचा चेहरा पाहून तिने पंखा तिच्याकडे वळवला.

नऊ ते एक या चार तासांत दोनशे अठरा शब्द झाले. तपासताना सहा चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. पानाचा पत्ता हिरामणला पाठवला. अडीच वाजता त्याचं उत्तर आलं. दोनशे अठरापैकी दोनशे अठरा शब्द वाचता आले.