गुरुवारची वाक्यं

सगळा जन्म मी लोकांना एकच प्रश्न विचारला. ही काच बरी की ती? माझं चष्म्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत गिऱ्हाईक, आणि मी त्याच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये काचा बदलत उभा. निम्मे लोक खरं सांगतच नाहीत. खोटारडे असतात म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून. "आता?" म्हटलं की लगेच "हो हो, आता छान." मग मी काच काढायचो, पुसल्यासारखी करायचो आणि तीच परत घालून विचारायचो, "आणि ही?" एकाच काचेला एकदा बरी आणि एकदा वाईट म्हणणाऱ्याचा चष्मा मी त्या दिवशी करायला घेत नसे. उद्या या म्हणायचो.

बायको गेली, मग दुकान विकलं. मूलबाळ नाही. आता मला दूधवाल्याशिवाय कोणी काही विचारत नाही, आणि त्याचंही एवढंच, एक की दोन.

अशात भिंगरीचा फोन आला. भिंगरी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी शाळा सुटली की दुकानातल्या फिरत्या स्टुलावर गरगरत बसायची, म्हणून भिंगरी. आता लांबच्या शहरात व्याकरणावर प्रबंध लिहिते.

"काका, मी वाक्य वाचून दाखवीन. तुम्ही फक्त सांगायचं, असं म्हणता येतं की नाही."

"का गं, तुमच्याकडे व्याकरणाची पुस्तकं संपली का?"

"पुस्तकात काय असावं तेच तर ठरवायचंय. त्याला पुरावा लागतो."

"आणि पुरावा म्हणजे मी?"

"साठीच्या पुढचे, घरात हीच भाषा बोललेले, व्याकरण न शिकलेले. तुम्ही अगदी फिट बसता."

"अडाणी म्हण की सरळ," मी म्हटलं. ती हसली. माझ्या कानाशी कोणी हसून बरेच दिवस झाले होते.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी फोन. मी चहा करून, खुर्ची फोनजवळ ओढून तयार. ती वाक्य वाचायची, मी निकाल द्यायचो. मग तिचा ठरलेला दुसरा प्रश्न, "कोण म्हणेल असं, आणि कधी?" त्यात मला खरी मजा. हे भाडं थकवलेला भाडेकरू म्हणेल, हे सासू म्हणेल आणि तेही पाहुणे गेल्यावर, असं मी रंगवून सांगायचो. उत्तर दिलं की तिकडे टकटक ऐकू यायची, ती टाइप करून घ्यायची.

"'माझ्याने चालवत नाही', असं म्हणता येतं का?"

"येतं. मीच म्हणतो, जिना चढताना."

"आणि 'माझ्याने चालवतं'?"

"छे. ज्याला चालता येतं तो चालतो, सांगत कशाला बसेल?"

मी एकदा तिला विचारलं, हा उपद्व्याप कशाला? लोक बोलतात ते रेकॉर्ड कर, त्यात सापडेल ते बरोबर, मिटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती म्हणाली, "असं म्हणणारेही आहेत, काका. पण लोक बोलताना चुकतातही. आणि एखादं वाक्य अगदी बरोबर असतं, तरी ते कोणाच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. ते विचारल्याशिवाय कसं कळणार?" मला पटलं. खरं सांगायचं तर तिने काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

घोटाळा पुढेच झाला. एका गुरुवारी ती म्हणाली, "तुमची उत्तरं इतकी पक्की आहेत, की आपलं लवकरच संपेल." म्हणजे गुरुवारचे फोनही संपणार. त्या दिवशी शेवटच्या वाक्याला मी म्हटलं, "थांब हं, हे जरा जिभेवर घोळवून बघतो. पुढच्या वेळी सांगतो." पुढच्या वेळी ते वाक्य चालतं म्हटलं, आणि दुसऱ्या एकाबद्दल शंका काढली. 'माझ्याने चालवतं' हेसुद्धा एकदा फोन संपता संपता मान्य करून टाकलं. आजारातून उठलेला माणूस म्हणेल, म्हटलं. टकटक झाली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण गुरुवार वाचला. कुंपणानेच शेत खावं तसं माझं झालं होतं. माझी गिऱ्हाइकं माझ्यासाठी खोटं बोलायची, मी माझ्याचसाठी बोलत होतो.

मग एका गुरुवारी तिचा आवाज वेगळाच आला. "काका, तुमची उत्तरं काढून टाकावी लागणार. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, ह्या माणसावर विसंबता येत नाही. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण तुमच्यावर उभं होतं."

"का? काय झालं?"

"काही वाक्यं मी फिरवून पुन्हा विचारली होती. तीच काच, काका. तुमच्याकडूनच शिकले."

गुरूची विद्या गुरूला.

"तुमची सुरुवातीची उत्तरं कधीच बदलत नाहीत," ती हळू म्हणाली. "बदलतात ती फोन ठेवायच्या वेळची."

मी हातातला कप खाली ठेवला. "दुसऱ्या कोणाला तरी विचारेन, काका, काळजी करू नका," म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी खोड जाईना, म्हणून चहा घेऊन त्याच खुर्चीत बसलो. आणि फोन वाजला.

"वाक्यं नाहीत आज," भिंगरी म्हणाली. "असाच केला."

इतके दिवस मला हेच तर हवं होतं. आणि बघा, बोलायला काही सुचेना. मी म्हटलं, बरं आहे सगळं. ती म्हणाली, इकडेही बरं आहे. वाक्यांशिवाय आमच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच, हे दोघांनाही एकदमच कळलं. ती आता फोन ठेवील, असं वाटलं.

"एखादं वाक्य तरी विचार," मी म्हटलं. "हिशेबात नको धरूस."

तिने जरा विचार केला. मग नेहमीच्या वाचायच्या आवाजात म्हणाली, "'आज मी एकटाच जेवलो.' असं म्हणता येतं का?"

"येतं," मी म्हटलं. ह्या वेळी जिभेवर घोळवायला मागितलं नाही. "बिनचूक आहे."

"कोण म्हणेल असं, आणि कधी?"

"कोणी म्हणणार नाही," मी म्हटलं. "एकटा जेवलेला माणूस सांगणार कुणाला?"

तिकडून हळूच टकटक ऐकू आली. ती टाइप करून घेत होती. घेऊ दे म्हटलं. पुढच्या गुरुवारी फिरवून विचारलं असतं, तरी हे उत्तर बदलणार नव्हतं.