गुरुवारची हजेरी

आमच्या गावात गुरुवारी शाळा भरत नाही, असं कोणी म्हणालं की मी चिडायचो. भरायची की. निम्मी भरायची, एवढंच. शुक्रवारी बंदरात केळ्यांचं जहाज लागायचं, म्हणून गुरुवारी अख्खं गाव मळ्यात नाहीतर केळी भरायच्या शेडमध्ये. पोरं घड वाहायची, खोकी जुळवायची. आईबापांना काय बोलणार? त्यांची चूल त्याच केळ्यांवर पेटायची.

मी हेडमास्तर हिपोलाइट. माझा उपाय सोपा होता: गैरहजर लिहा आणि सोडून द्या. तिसरीच्या मॅथुरिन बाईंना ते पटायचं नाही. दुपारी एकला त्या वर्गातली पोरं शेजारच्या बाईंकडे सोपवायच्या, छोटा फळा काखेत मारायच्या आणि शेडवर जाऊन उलट्या खोक्यांवर बसलेल्या पोरांना दोन तास शिकवायच्या. शेड शाळेपासून दोनशे पावलांवर. दुपारी सगळी भेटणारच, म्हणून बाई सकाळीच सगळ्यांना हजर लिहून मोकळ्या व्हायच्या.

"बाई, हे नियमात बसत नाही," मी एकदा म्हणालो.

"पोरं बसतात ना सर? मग झालं."

मी हसलो आणि शुक्रवारी नेहमीसारखी त्या पानाखाली सही ठोकली. अशी चार वर्षं ठोकली.

मग मंत्रालयानं शिक्षकांसाठी परवाने आणले. सोबत चोवीस पानांची आचारसंहिता. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय, असं मी म्हणालो. पण खरं सांगतो, पुस्तक वाईट नव्हतं. महिन्याभराची हजेरी एका बैठकीत लिहिणारे मास्तर मी पाहिलेत. खोटी हजेरी लिहिणाऱ्याला परवाना नाही, यात चूक ती काय?

मंत्रालयाचे शाळा तपासनीस अलेक्सिस साहेब न सांगता आले, तेही गुरुवारी सकाळी दहाला. तिसरीत अकरा पोरं, हजेरीपटावर एकोणतीस. बाईंनी शेडचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"मिस्टर हिपोलाइट, तुम्हाला हे माहीत होतं?"

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. माझी पाचावर धारण बसली.

"नाही, साहेब."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला खडू पेटीत ठेवला.

"सोमवारी कचेरीत या," साहेब त्यांना म्हणाले. "हजेरीपट आणा. मागची पानं तिथंच बघू."

सोमवारी संध्याकाळी बाई शहरातून परतल्या त्या थेट माझ्या ओसरीवर आल्या.

"परवाना गेला सर. खोट्या हजेरीबद्दल कदाचित समज देऊन सोडलं असतं. पण हजेरीपट हरवला म्हटल्यावर साहेबांनी फाईलच मिटली."

"हरवला? कसा?"

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला हजेरीपट काढला आणि टेबलावर ठेवला.

"दर पानावर तुमची सही आहे. दोघंही गेलो तर गुरुवारी पोरांकडे जाणार कोण? आता तुम्ही जा. आठचा पाढा कच्चा आहे त्यांचा, तेवढं बघा."

"बाई, मला चार शब्द सुनवा तरी."

"सुनवण्यासारखे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मला माझीच लाज वाटली. जेवण गेलं नाही. मंगळवारी पहिल्या बसनं मी शहरात गेलो, साहेबांसमोर हजेरीपट उघडला आणि म्हणालो, "मला माहीत होतं. चार वर्षं." त्यांनी एकेक पान उलटलं. त्यांनाही आनंद झाला नाही. मला त्याच दिवशी घरी बसवलं. बाईंचा परवाना मात्र परत मिळाला नाही. आता त्यांच्या नावावर खोटं बोलल्याचीही नोंद होती.

मी बाईंच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. त्या हिरवी केळी सोलत होत्या. सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "तुमचं मन हलकं झालं सर. पोरांचं काय?"

गुरुवारी दुपारी मी फळा काखेत मारून निघालो. शेडवर खोकी भरणाऱ्या एका आईनं मान वर केली.

"काय मास्तर, दोनशे पावलं चालायला चार वर्षं लागली?"

बायका हसल्या. पलीकडे बाई कधीच येऊन बसल्या होत्या, सहा पोरं घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पायानं एक रिकामं खोकं माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर बसलो आणि समोरच्या पोरांना आठचा पाढा विचारला.

खरंच कच्चा होता.